फाइल एक्स्प्लोरर आधीच तयार ठेवण्याच्या नव्या सुविधेचा ८ जीबीच्या संगणकांना उपयोग होईल का?

प्रश्न: अक्षरजुळणी (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझा अक्षरजुळणीचा आणि छपाईपूर्व कामांचा छोटा व्यवसाय आहे. कार्यालयातील लॅपटॉप इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचे असून त्यांत प्रत्येकी ८ जीबी रॅम आणि साटा (जुन्या, तुलनेने मंद) जोडणीची एसएसडी आहे. त्यांवर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती चालते. एक रायझेनचा डेस्कटॉप मात्र अजून २३एच२ वरच आहे, कारण लग्नपत्रिकांचे सर्व काम त्याच्यावर चालते आणि ऐन हंगामात त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करत नाही.

मायक्रोसॉफ्टने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी इनसायडर (नव्या गोष्टी आधी वापरून पाहणाऱ्या) सदस्यांसाठी दिलेल्या चाचणी आवृत्तीत फाइल एक्स्प्लोरर (फोल्डर आणि फाइली दाखवणारी खिडकी) पार्श्वभूमीत आधीच तयार करून ठेवण्याचा प्रयोग सुरू केल्याचे वाचनात आले. आमच्याकडे दिवसभरात फोल्डर उघडण्याचे काम इतके असते की, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद खिडकी कोरीच दिसत राहिली, तर कामगार अक्षरशः वैतागतात. म्हणून या बातमीने आशा वाटली; पण लगेच दुसरा विचार मनात आला की, कोरलड्रॉ, ब्राउझर आणि वर्ड एकत्र उघडले की आमची ८ जीबी रॅम आधीच काठोकाठ भरते. त्यात आणखी एक गोष्ट कायमची येऊन बसली, तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

माझे तीन प्रश्न आहेत. ही सुविधा सर्वांसाठी येईपर्यंत थांबण्यात अर्थ आहे का? तिच्यामुळे कमी रॅमच्या संगणकावर उलटा परिणाम होईल का? आणि २५एच२ ही आवृत्ती २४एच२ पेक्षा वेगवान आहे, असे आमच्या हार्डवेअर पुरवठादाराचे म्हणणे आहे, ते खरे मानावे का? एरवी मी सरळ रॅम दुप्पट केली असती. पण सध्या रॅमचे भाव ऐकल्यावर हात आखडता घ्यावा लागतो.

उत्तर: सर्व्हरखोली (पुणे)

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. तिसऱ्यावर इथे अधिक अधिकाराने लिहू शकणारे सदस्य आहेत.

प्रथम ही सुविधा नेमके काय करते, हे पाहू. विंडोजमध्ये एक्स्प्लोररची मूळ प्रक्रिया तुम्ही लॉग-इन केल्यापासून सतत चालूच असते, कारण टास्कबार आणि डेस्कटॉप हेदेखील तिचेच भाग आहेत. वेळ जातो तो फोल्डरची खिडकी उभी करण्यात: वरची आदेशपट्टी, टॅब, पत्त्याची पट्टी, डावीकडची यादी आणि ‘होम’ हे पान या सर्वांची मांडणी करताना. नव्या प्रयोगात ही खिडकी तुम्ही मागण्याआधीच पडद्याआड तयार ठेवलेली असते. गिऱ्हाईक येण्यापूर्वी खानावळवाल्याने तवा तापवून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. पहिली भाकरी लवकर मिळते, पण गिऱ्हाईक आले नाही तरी गॅस जळतोच.

आता हा गॅस किती जळतो, तर तुम्हाला वाटते तितका नाही. एका तंत्रविषयक संकेतस्थळाने केलेल्या चाचणीत या सुविधेमुळे एक्स्प्लोररच्या रॅमवापरात पडलेली भर सुमारे ३५ एमबी होती. ८ जीबीच्या संगणकावर ब्राउझरचा एक बऱ्यापैकी जड टॅब याहून जास्त जागा खातो. त्यामुळे या एका सुविधेने तुमचे लॅपटॉप गुडघे टेकतील, ही भीती मी बाळगणार नाही.

काळजी करायचीच असेल, तर ती बेरजेची करावी. एज ब्राउझरची ‘स्टार्टअप बूस्ट’ ही सोय लॉग-इन होताच ब्राउझरच्या काही प्रक्रिया सुरू करून ठेवते. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने ऑफिससाठीही त्याच नावाची सोय आणली आणि सुरुवात वर्डपासून केली. ती किमान ८ जीबी रॅम आणि ५ जीबी मोकळी जागा असलेल्या संगणकांवरच चालते. म्हणजे तुमचे लॅपटॉप बरोबर त्या सीमेवर आहेत आणि सोय मात्र त्यांनाही लागू होते. याशिवाय मेघसाठवणीची, छपाईयंत्राची, संदेशवहनाची अशी प्रत्येक कंपनीची आपापली वस्तू सुरुवातीलाच येऊन बसते. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप ॲप्स’ ही यादी एकदा शांतपणे वाचून काढावी. त्यातील निम्म्या नोंदी बंद केल्याने कोणाचेही काम अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अशी की, रॅम खरोखर भरल्यावर ही आधीची तयारी टिकतेच असे नाही. बऱ्याच वेळात न वापरलेली रॅममधील पाने (मजकुराचे छोटे तुकडे) विंडोज आधी दाबून लहान करते (रॅममधील मजकूर दाबून ठेवण्याची ही पद्धत विंडोज १० पासून आहे) आणि तेवढ्याने भागले नाही, तर एसएसडीवरील पेजफाइलमध्ये (रॅमच्या पूरक साठ्यात) हलवते. कोरलड्रॉमध्ये मोठे फलक उघडलेले असताना पडद्याआडच्या त्या खिडकीची हीच गत होण्याचा संभव आहे. मग ती बोलावली की पुन्हा रॅममध्ये आणावी लागेल आणि मिळालेला फायदा तिथेच आटेल. नुकसान फारसे नाही, पण ज्या वेळी संगणकावर सर्वाधिक ताण असतो, त्याच वेळी फायदा सर्वांत कमी असतो, हे ध्यानात ठेवावे.

थांबावे की नाही, हे ठरवण्यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. संगणक ‘रीस्टार्ट’ करा, लॉग-इन झाल्यावर दोन मिनिटे जाऊ द्या आणि फोल्डरची पहिली खिडकी उघडायला लागलेला वेळ पाहा. ती बंद करून लगेच दुसऱ्यांदा उघडा. ही दुसरी वेळ म्हणजे आधीच्या तयारीतून तुम्हाला जास्तीत जास्त काय मिळू शकेल, याचा ढोबळ अंदाज समजा, कारण दुसऱ्या खेपेस लागणारी बहुतेक सामग्री रॅममध्ये आलेलीच असते. पहिल्यांदा पाच सेकंद आणि दुसऱ्यांदा एक सेकंद लागत असेल, तर नवी सुविधा तुमच्या उपयोगाची आहे. दोन्ही वेळा पाचच सेकंद लागत असतील, तर विलंबाचे मूळ दुसरीकडे आहे आणि कितीही आधी तयारी केली तरी ते हटणार नाही. तुम्ही ‘प्रत्येक वेळी’ असे लिहिले आहे, म्हणून मला दुसऱ्या शक्यतेचा दाट संशय आहे.

तसे असल्यास पुढील ठिकाणी शोध घ्यावा. एके काळी मॅप केलेला (म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील साठवण आपल्याच ड्राइव्हसारखी जोडलेला), पण आता अस्तित्वात नसलेला नेटवर्क ड्राइव्ह हा माझ्या मते पहिला संशयित आहे. त्या ड्राइव्हचे उत्तर येण्याची वाट पाहण्यात एक्स्प्लोरर अडकतो. त्यानंतर ‘होम’ पानावरील अलीकडच्या फाइलींची यादी येते, जिच्यात मेघसाठवणीतील नोंदीही असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्स्प्लोरर ‘धिस पीसी’वर उघडेल असे ठरवले की ही यादी वाटेतून दूर होते. राहता राहिले ते उजव्या क्लिकच्या यादीत आणि लघुचित्रांत घुसणारे बाहेरच्या सॉफ्टवेअरचे जोडभाग. छपाई व्यवसायात ते हमखास सापडतात.

उत्तर: जुनाखेळाडू

वरील विवेचन योग्यच आहे, पण मला या सुविधेमागील वृत्तीबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

आधीच तयारी करून ठेवण्याची कल्पना मायक्रोसॉफ्टला आज सुचलेली नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ‘प्रीफेच’ होते, २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्तामध्ये ‘सुपरफेच’ आले (तीच सेवा आज ‘सिसमेन’ या नावाने चालते) आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आले. यांतील पहिल्या दोन्हींचा हेतू सरळ होता. तबकडीवर फिरणारी हार्ड डिस्क मुळातच मंद होती, तिचा वेग वाढवणे कोणाच्या हाती नव्हते आणि म्हणून लागणारी पाने आधीच वाचून ठेवणे शहाणपणाचे होते. आजची परिस्थिती नेमकी उलटी आहे. एसएसडी आणि प्रोसेसर मागच्या दशकाच्या तुलनेत कितीतरी वेगवान झाले आहेत आणि मंद झाली आहे ती खिडकी. विंडोज ११ मध्ये जुन्या विन३२ सांगाड्यावर नव्या धाटणीचे थर चढवले गेले. २०२२ मध्ये टॅब आले आणि २०२३ मध्ये ‘होम’ पान विनयूआय या नव्या मांडणीत आणले गेले. ज्या चाचणीचा वर उल्लेख आहे, तिच्यात ही सुविधा चालू करूनही एक्स्प्लोरर विंडोज १० मधल्यापेक्षा मंदच वाटल्याचे नमूद आहे. तेव्हा खिडकीचे वजन कमी करण्याऐवजी ती आधीच उचलून धरण्याचा हा मार्ग मला तरी समाधानकारक वाटत नाही.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. त्याच चाचणी आवृत्तीत उजव्या क्लिकची यादी आटोपशीर करण्याचाही प्रयत्न आहे. झिप करणे, पत्ता कॉपी करणे, चित्र फिरवणे असे क्वचित लागणारे आदेश एका उपयादीत हलवले आहेत. त्यानंतरच्या एका चाचणी आवृत्तीत फाइल शोधताना होणारी अनुक्रमणीची दुबार कामे काढून टाकल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. त्याआधी, एप्रिल-मे २०२५ च्या सुमारास, २४एच२ मध्ये असंख्य लहान फाइली असलेले झिप उलगडण्याचा वेग सुधारला गेला. या सुधारणा खऱ्या अर्थाने काम कमी करणाऱ्या आहेत. त्यांचा गाजावाजा होत नाही, एवढेच.

‘फास्ट स्टार्टअप’चा विषय निघालाच आहे, तर श्री. अक्षरजुळणी यांना एक सूचना. आपल्याकडे रोज संध्याकाळी लॅपटॉप ‘शट डाउन’ होत असतील, तरी ही सोय चालू असल्यास विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्णपणे बंद होत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा रॅममध्ये आणली जाते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ विभागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहावा. रोज बंद होणारा संगणक तिथे आठवडाभर चालू असल्याचे दिसले, तर गोंधळून जाऊ नये. खरा नव्याने आरंभ ‘रीस्टार्ट’नेच होतो आणि म्हणूनच वरच्या परीक्षेत तो शब्द नेमका वापरला आहे.

उत्तर: आवृत्तीनोंद (ठाणे)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: वेगाच्या अपेक्षेने २५एच२ घेऊ नये.

२५एच२ ही आवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ पासून उपलब्ध झाली. २४एच२ आणि २५एच२ यांचा पाया एकच आहे, दोघींना दर महिन्याला मिळणारी अद्यतनेही एकाच शाखेतून येतात. २४एच२ असलेल्या संगणकावर २५एच२ येते ती एका छोट्या ‘सक्षमीकरण’ संचाच्या रूपात. नव्या गोष्टींची सामग्री मासिक अद्यतनांतून आधीच निद्रिस्त अवस्थेत येऊन बसलेली असते आणि हा संच केवळ तिची कळ दाबतो. बांधणी क्रमांक २६१०० चा २६२०० होतो, एकदा रीस्टार्ट होतो आणि काम संपते. पॉवरशेल २.० आणि डब्ल्यूएमआयसी ही जुनी साधने मात्र त्यातून वगळली आहेत. आपल्या कार्यालयात कोणी जुन्या आज्ञावल्या चालवत असेल, तर तेवढे तपासून घ्यावे. पुरवठादाराला जो वेग जाणवला, तो बहुधा कोऱ्या संगणकावर नव्याने विंडोज टाकल्याचा असावा. कोणतीही आवृत्ती कोऱ्या पाटीवर चपळच भासते.

वेगाच्या दृष्टीने खरा बदल झाला होता तो २४एच२ मध्ये. त्या वेळी संपूर्ण पाया बदलला. जुन्या प्रोसेसरना त्याचा फटका असा बसला की, एसएसई ४.२ संचातील पॉपकाउंट ही सूचना नसलेल्या प्रोसेसरवर ही आवृत्ती सुरूच होत नाही. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्यांनुसार मासिक अद्यतन बसवण्याचा वेळ सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत आणि त्यानंतरच्या रीस्टार्टचा वेळ सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी झाला. एएमडीच्या झेन रचनेच्या (म्हणजे रायझेन) प्रोसेसरसाठी शाखा-अनुमानाशी संबंधित सुधारणाही त्याच आवृत्तीत होती. प्रोग्रॅममध्ये ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ अशी वळणे असतात आणि पुढचे वळण कोणते असेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर आधीच काम सुरू करतो. त्या यंत्रणेचा लाभ सामान्य वापरकर्त्याच्या खात्यावरही पूर्णपणे मिळावा, अशी ही दुरुस्ती होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती २३एच२ साठीही ऐच्छिक अद्यतन म्हणून देण्यात आली. तिचा परिणाम प्रामुख्याने संगणकीय खेळांत दिसला. कोरलड्रॉमध्ये चमत्काराची अपेक्षा धरू नये.

मात्र आपल्या रायझेन डेस्कटॉपबद्दल मला वेगळ्याच कारणाने काळजी वाटते. २३एच२ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांचा आधार ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणजे त्या संगणकाला आता मासिक सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत आणि ग्राहकांचे पेन ड्राइव्ह बहुधा त्यालाच सर्वाधिक लागत असतील. त्याला थेट २५एच२ वर न्यावे. २३एच२ वरून जाताना पाया बदलत असल्याने हे काम छोट्या संचाने होत नाही, पूर्ण उन्नयन करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे सर्व फाइलींची प्रत बाहेर काढून एखाद्या रविवारी ते उरकावे. लॅपटॉपच्या बाबतीत घाई नाही. २४एच२ होम आणि प्रोला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आधार आहे, २५एच२ ला १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत.

आणखी एक सावधगिरी. ‘२६एच१’ हे नाव कानावर येईल. ती आवृत्ती नव्या, विशिष्ट प्रोसेसरवर येणाऱ्या संगणकांसाठी आहे, सध्याच्या इंटेल किंवा रायझेन संगणकांसाठी ते पुढचे अद्यतन नव्हे. तिची वाट पाहत बसू नये.

प्रश्नकर्ता: अक्षरजुळणी (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सर्व्हरखोली यांनी सुचवलेली परीक्षा लगेच करून पाहिली. दोन लॅपटॉपवर पहिली आणि दुसरी खिडकी यांत काडीचाही फरक नव्हता, दोन्ही वेळा तेवढाच विलंब. शोध घेतला तेव्हा ‘झेड’ नावाचा मॅप केलेला ड्राइव्ह सापडला. आमच्याकडे पूर्वी एक सामायिक साठवणपेटी होती. ती कधीच भंगारात गेली, पण तिचा पत्ता मात्र या लॅपटॉपवर तसाच राहिला होता. तो काढून टाकताच खिडकी झटकन उघडू लागली. स्टार्टअपच्या यादीतून फाइली दाबण्याच्या एका सॉफ्टवेअरचा आणि छपाईयंत्राच्या दोन सहायकांचा निरोप घेतला. उजव्या क्लिकची यादीही त्यानंतर सुधारली.

अप टाइमविषयीची सूचनाही बरोबर निघाली. रोज बंद होणारा एक लॅपटॉप तिथे कित्येक दिवस अखंड चालू असल्याचे दिसत होते.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. पत्रिकांच्या मुख्य फोल्डरमध्ये हजारो सीडीआर (कोरलड्रॉच्या), पीडीएफ आणि छायाचित्रांच्या फाइली एकत्र आहेत. खिडकी आता लगेच येते, पण त्या फोल्डरमध्ये शिरले की पत्त्याच्या पट्टीवरून हिरवी रेघ सावकाश सरकत राहते आणि फाइली तारखेनुसार लागायला बराच वेळ जातो. आधीच्या तयारीची सुविधा आल्यावर यात फरक पडेल का?

उत्तर: सर्व्हरखोली (पुणे)

पडणार नाही. ती सुविधा खिडकीची आहे, खिडकीतल्या मजकुराची नव्हे. हिरवी रेघ फिरते, तेव्हा एक्स्प्लोरर प्रत्येक फाइल तपासून तिची माहिती गोळा करत असतो.

त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइझ’ हा विभाग उघडा. तिथे ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’ यासमोर ‘पिक्चर्स’ असण्याची दाट शक्यता आहे, कारण फोल्डरमधील फाइली पाहून विंडोज हा प्रकार आपणहून ठरवते. चित्रांचा प्रकार लागू झाला की फोटो कधी काढला, चित्राचे आकारमान किती अशा तपशिलांसाठी फाइलींच्या आत डोकावावे लागते. आणि तारखेनुसार क्रम लावताना ‘बदल केल्याची तारीख’ न घेता ‘छायाचित्र काढल्याची तारीख’ घेतली जात असेल, तर हजारो फाइली उघडून पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. तिथे ‘जनरल आयटम्स’ निवडा, उपफोल्डरांनाही तेच लागू करण्याची खूण करा आणि क्रम ‘डेट मॉडिफाइड’वर ठेवा. ही तारीख फाइलप्रणालीच्या नोंदीतच असते, त्यासाठी फाइल उघडावी लागत नाही.

लघुचित्रांबाबत जरा विचार करून ठरवावे. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘नेहमी चिन्हेच दाखवा, लघुचित्रे नकोत’ अशा अर्थाची खूण आहे आणि तिने वेग निश्चित वाढतो. पण पत्रिकेच्या नमुन्याची निवड ग्राहकाला पडद्यावर चित्रे दाखवूनच करायची असेल, तर ती सोय घालवून चालणार नाही. अशा वेळी दाखवायचे नमुने जेपीजी स्वरूपात वेगळ्या लहान फोल्डरमध्ये ठेवावेत आणि मूळ सीडीआर फाइलींचा फोल्डर ‘डिटेल्स’ मांडणीत ठेवावा. मुख्य फोल्डरचीही वर्षवार विभागणी करता आली, तर उत्तमच.

नवी सुविधा आपल्याकडे येईल तेव्हा ती निमूटपणे चालू राहू द्यावी, असे माझे मत आहे. ती नको वाटल्यास फोल्डर ऑप्शन्समधील ‘व्ह्यू’ विभागात ‘एनेबल विंडो प्रीलोडिंग फॉर फास्टर लाँच टाइम्स’ या ओळीसमोरची खूण काढली की झाले.

उत्तर: वेगवेडा

चर्चा वेगाचीच चालू आहे म्हणून विचारतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीच्या) डिस्कसाठी नवी पद्धत आणल्याची घोषणा केली आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) काही नोंदी केल्या की ती विंडोज ११ वरही चालू होते, असे अनेक ठिकाणी लिहिले जात आहे. वेग ८० टक्क्यांनी वाढतो म्हणतात. अद्यतनाची वाट न पाहता हे आत्ताच करून घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर: आवृत्तीनोंद (ठाणे)

हरकत आहे, आणि ती बरीच आहे.

ही घोषणा विंडोज सर्व्हर २०२५ साठी आहे आणि तिथेही ही पद्धत आपणहून चालू होत नाही, व्यवस्थापकाला ती चालू करावी लागते. आजवर विंडोज एनव्हीएमई डिस्कशी बोलताना आज्ञा आधी स्कझी या जुन्या डिस्क-पद्धतीच्या भाषेत मांडून मग रूपांतरित करत असे. स्कझीची जुनी घडी एकेरी रांगेची, तर एनव्हीएमईमध्ये सुमारे ६४ हजार रांगांची सोय आहे. मधला दुभाषा काढल्याने प्रोसेसरचे श्रम वाचतात. ८० टक्के हा आकडा ‘पर्यंत’ या शब्दासह दिलेला आहे, तो सर्व्हर २०२२ शी तुलना करून, ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनासाठी आहे. असंख्य विनंत्या एकाच वेळी येणाऱ्या विदासंचाच्या सर्व्हरवर त्याचे मोल आहे. एक माणूस एका वेळी एक फाइल उघडतो, तिथे रांगा मुळात भरतच नाहीत.

विंडोज ११ वर रजिस्ट्रीतून हे चालू करणाऱ्यांना आलेल्या अडचणी मात्र ठोस आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कची जागा बदलते, एसएसडी उत्पादकांच्या काही साधनांना डिस्क दिसतच नाही किंवा दोनदा दिसते आणि डिस्कची ओळख बदलल्याने प्रती काढणारी काही सॉफ्टवेअर गोंधळतात. शिवाय मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर असेल तरच हे लागू होते, उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर असल्यास काहीच बदलत नाही. श्री. अक्षरजुळणी यांच्या लॅपटॉपमध्ये तर साटा एसएसडी आहेत, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच उद्भवत नाही.

डिस्कचा वेग तपासायचाच असेल, तर आधी बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करून सुरक्षित ठेवण्याची विंडोजची सोय) पाहावे. २४एच२ किंवा त्यापुढील आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले, तर बहुतेक संगणकांवर डिस्कचे कूटबद्धीकरण आपोआप चालू होते आणि ते काम सॉफ्टवेअर करत असल्याने वेगवान एनव्हीएमई डिस्कवर त्याचा भार जाणवतो. हे काम प्रोसेसरमधील स्वतंत्र घटकाकडे सोपवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली आहे, पण तिला नव्या पिढीचे प्रोसेसर लागतात, जुन्या संगणकांना ती मिळणार नाही. म्हणून वेगासाठी बिटलॉकर बंद करा, असे मात्र मी सुचवणार नाही; लॅपटॉप चोरीला गेल्यास ग्राहकांच्या फाइलींना तेवढेच संरक्षण असते. आपल्या संगणकावर ते चालू आहे का, हे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली दिसते. चालू असल्यास कोणतेही मोठे उन्नयन करण्यापूर्वी त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी. तो कागद त्याच लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.